ग्रेग वायलरचं उपग्रह-इंटरनेट शेवटी पोचलं कुणाकडे?

अनवट

उपग्रहावरून इंटरनेट म्हटलं की हल्ली सगळी चर्चा मस्क आणि स्टारलिंकवर जाते. मला बोलायचंय ग्रेग वायलरबद्दल. हा अमेरिकन गृहस्थ वीसेक वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलाय. कंपनी काढतो, पैसा उभा करतो, आणि तिचं बस्तान बसेपर्यंत स्वतः बाहेर पडलेला असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३ च्या सुमारास तो रवांडात गेला. टेराकॉम नावाची कंपनी काढून फायबर टाकायला आणि शाळा जोडायला लागला. २००५ मध्ये तिथली सरकारी दूरध्वनी कंपनी रवांडाटेलसुद्धा घेतली. देशाच्या आत फायबर पडलं, पण देशाबाहेर जायला वाटच नव्हती. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्याला समुद्री केबल लागली ती थेट २००९ मध्ये, सीकॉमची. तोवर प्रत्येक ईमेल भूस्थिर उपग्रहावरून जायचा, हळू आणि महाग. तिथून त्याच्या डोक्यात उपग्रह शिरला. २००७ मध्ये ओथ्रीबी काढली, म्हणजे 'अदर थ्री बिलियन', इंटरनेटविना उरलेल्या इतर तीन अब्ज लोकांसाठी. २०१२ मध्ये वर्ल्डव्ह्यू, तीच पुढे वनवेब झाली. २०२० मध्ये वनवेब दिवाळखोरीत गेली, ब्रिटिश सरकार आणि एअरटेलवाली भारती यांनी मिळून ती वाचवली, आणि २०२३ मध्ये ती फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली.

माझा प्रश्न असा: इंटरनेट द्यायचं होतं ते ज्यांच्याकडे ते नाही त्यांना. मिळालं कुणाला? याला अपयश म्हणायचं का? आणि म्हणायचं तर दोष तंत्राचा, पैशाचा की माणसाचा?

खोडसाळ

आरंभशूर म्हणून आपण आपल्याच लोकांना उगाच नावं ठेवतो. या गड्याने तर ते आंतरराष्ट्रीय पातळीवर नेलंय.

टॉवरवाला

चांगला विषय. मी बरीच वर्षं व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या छोट्या थाळ्या, बसवण्याच्या कामात होतो, म्हणून तंत्राच्या बाजूने लिहितो.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो. खालून पाहिलं तर एकाच जागी थांबलेला. त्याचा फायदा हा की थाळी एकदा नीट लावली की झालं. कंपास आणि कोनमापक घेऊन अंदाजे दिशा धरायची, मग मीटरकडे बघत बोल्ट पाव-पाव फेरा फिरवायचा. सिग्नल सर्वात वर गेला की आवळायचं, आणि आवळताना तो हमखास थोडा हलतो, की परत पहिल्यापासून. शेवटी हबला, म्हणजे मुख्य केंद्राला, फोन लावून क्रॉस-पोल टेस्ट द्यायची, म्हणजे आपला सिग्नल शेजारच्यात घुसत नाही ना हे तपासून घ्यायचं. तिकडचा माणूस म्हणणार, "अजून जरा फिरवा... जास्त झालं... मागे घ्या." भर उन्हात गच्चीवर हे तासभर चालतं.

पण प्रकाशाचा वेग कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. जाऊन खाली यायलाच साधारण २४० मिलिसेकंद, आणि उत्तर परत यायला तेवढेच. म्हणजे काहीही न करता अर्धा सेकंद गेला. फोनवर बोलताना दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात. हल्लीचं एक वेबपान उघडायला सर्व्हरशी कित्येकदा हो-नाही करावं लागतं, आणि दर वेळी हा अर्धा सेकंद मोजायचा.

वायलरचं डोकं इथे चाललं. ओथ्रीबीचे उपग्रह त्याने सुमारे ८,००० किमीवर ठेवले. विलंब प्रत्यक्षात दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास आला. वनवेब त्याहून खाली, १,२०० किमीवर. पण खाली आलात की उपग्रह आकाशात थांबत नाही, धावतो. मग एकाने भागत नाही, शेकडो लागतात, आणि जमिनीवरच्या अँटेनाला त्यांच्या मागे मान फिरवावी लागते. सगळं महागडं प्रकरण तिथे सुरू होतं.

मैथिली_स

@टॉवरवाला, बोल्टचं वर्णन फार आवडलं. एक शंका. ओथ्रीबीचे उपग्रहही हलतात, तर एक मावळून दुसरा उगवताना कनेक्शन तुटत नाही का?

टॉवरवाला

नाही. तिथे दोन थाळ्या लावतात. एक मावळत्या उपग्रहाला धरून असते, दुसरी उगवत्याला आधीच पकडून ठेवते, मग डेटा तिकडे वळवतात. वनवेबच्या सुरुवातीच्या टर्मिनलमध्येही, म्हणजे ग्राहकाकडे बसणाऱ्या यंत्रात, अशाच दोन फिरत्या थाळ्या असायच्या. मोटर, बेअरिंग, गिअर, सगळं आलं. दुर्गम खेड्यात असं यंत्र बसवलं तर ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर मला कधी मिळालं नाही.

चीफ_मेट

"मिळालं कुणाला" याचं उत्तर माझ्याकडे आहे: आम्हाला, जहाजावरच्यांना.

विनोद नाही करत. ओथ्रीबीचे पहिले चार उपग्रह जून २०१३ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाले. सुरुवातीच्या ग्राहकांत कुक बेटांची टेलिकॉम कंपनी होती, पॅसिफिकमधली चिमुकली बेटं, म्हणजे हेतूला धरूनच. पण २०१४ मध्ये 'ओॲसिस ऑफ द सीज' या प्रचंड क्रूझ जहाजावर तीच सेवा सुरू झाली आणि समुद्रातलं सगळ्यात वेगवान इंटरनेट म्हणून तिची जाहिरात झाली. गरिबांसाठी सोडलेल्या उपग्रहावरून लोक पोहण्याच्या तलावाकाठचे फोटो टाकायला लागले.

मी मालवाहू जहाजावर. आमच्याकडे जुनं भूस्थिर व्हीसॅट होतं. मास्टवर पांढरा घुमट, आत स्वतःला सावरणारी थाळी. जहाज डोललं तरी थाळी उपग्रहाकडे बघत राहते. मात्र कोर्स बदलला आणि मध्ये फनेल (जहाजाचं धुराडं) किंवा क्रेन आली की सगळं गार. ब्रिजवर आम्हाला कळायचं की आता अमुक अंशावर वळलो की नेट जाणार, आणि वळण घेतल्यावर पाच मिनिटांत मेसरूममधून, म्हणजे जेवायच्या खोलीतून, फोन यायचा, "सर, किती वेळ या कोर्सवर?" महिन्याला ठराविक एमबीचं कूपन. घरून कुणी व्हिडिओ पाठवला तर लोक अक्षरशः चिडायचे. नव्या जहाजावर खालच्या कक्षेतलं आलं तेव्हा पोरं केबिनमध्ये बसून घरच्यांशी समोरासमोर बोलायला लागली. जहाजावरचं वातावरण बदललं, आणि चांगल्यासाठीच.

तेव्हा अपयश म्हणू नका. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनाच मिळालं, फक्त ते 'ते' लोक नव्हते.

खोडसाळ

मेसरूम रिकामी झाली हे चांगलं कसं? पत्ते कुणाशी खेळता आता?

चीफ_मेट

@खोडसाळ, हे मात्र खरं दुखणं आहे. चौथा भिडू मिळत नाही.

हिशेबनीस

हेतूबिथू सगळं ठीक, हिशेब बघा. पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग पाणी. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह बहुतेक वेळ समुद्र, बर्फ आणि वाळवंटावरून रिकामाच फिरतो. त्याला "इथे ग्राहक आहेत, जरा थांब" असं सांगता येत नाही. टेलिकॉमवाला टॉवर उभारतो तो जिथे माणसं आहेत तिथे. एक उभारला, पैसे आले, दुसरा उभारला. इथे आधी अख्खं जाळं वर पाठवायचं, मग पहिलं बिल फाडायचं.

म्हणून या धंद्यात प्रेतांची रांग आहे. मोटोरोलाच्या पाठबळावरचं उपग्रह-फोनचं जाळं इरिडियम नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झालं, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोर. क्रेग मॅकॉने काढलेलं उपग्रह-इंटरनेटचं टेलिडेसिक तर बिल गेट्सचे पैसे असूनही उभंच राहिलं नाही. आधी ८४० उपग्रहांचा बेत, मग २८८, आणि २००२ मध्ये काम बंद. वायलरला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने २०१५ मध्ये एअरबस, क्वालकॉम, भारती, व्हर्जिन, कोकाकोला अशा मंडळींकडून ५० कोटी डॉलर आणले आणि २०१६ अखेरीस सॉफ्टबँकेकडून आणखी १०० कोटी. पैसा आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण ज्याचे १०० कोटी, तो परतावा मागणार. गरिबांकडून तो कसा येणार?

उलटतपासणी

हिशेबनीसांचा हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक.

वनवेब थेट ग्राहकाला काही विकतच नाही. टेलिकॉम कंपन्या, सरकारं, विमान कंपन्या, जहाज कंपन्या यांना घाऊक विकते. डोंगरापलीकडच्या गावात मोबाइल टॉवर आहे, पण तिथवर फायबर नेणं परवडत नाही, तर टॉवरला मागून उपग्रहाचा दुवा जोडायचा. गावकऱ्याच्या हातात साधाच फोन. आपला कॉल १,२०० किमी वर जाऊन आलाय हे त्याला कळतही नाही. तेव्हा "गरिबाने बिल कसं भरायचं" हा प्रश्नच गैरलागू. तो नेहमीचं मोबाइलचं बिल भरतो.

आणि इरिडियमचं उदाहरण देताना अर्धीच गोष्ट सांगू नये. दिवाळखोरीनंतर कवडीमोलाने विकलं गेलेलं इरिडियम आजही चालू आहे. आधीच्या मालकांचे पैसे बुडतात आणि उपग्रह वर राहतात. समाजाच्या दृष्टीने हा सौदा वाईट आहे का?

हिशेबनीस

सौदा समाजाला परवडला, ठीक. पुढचा गुंतवणूकदार कुठून आणणार? आणि टॉवरमागच्या दुव्याचा महिन्याचा खर्च टेलिकॉम कंपनीच भरते ना? चाळीस घरांच्या गावासाठी ती का भरेल? सरकारने सांगितलं तरच. म्हणजे शेवटी अनुदान. मग ते सरळ फायबरला द्या.

प्रा_गोंधळे

सगळे शहाणे एकत्र जमलेत तर माझा एक मूर्ख प्रश्न. वनवेब दिवाळखोरीत गेली तर ब्रिटिश सरकारला ती कशाला हवी होती?

कुजबूज

@प्रा_गोंधळे, प्रश्न अजिबात मूर्ख नाही, तेव्हा तिकडच्या बऱ्याच जाणकारांनी हाच विचारला होता.

२१ मार्च २०२० ला वनवेबने ३४ उपग्रह सोडले, एकूण ७४ झाले. २७ मार्चला दिवाळखोरीचा अर्ज. सहा दिवस! कोव्हिडमुळे बाजार कोसळलेला आणि सॉफ्टबँकेने हात आखडता घेतलेला. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातून बाहेर पडून गॅलिलिओ या दिशादर्शन यंत्रणेलाही मुकला होता, म्हणून काहींना वाटलं की वनवेबवर आपलं जीपीएस करता येईल. हे उपग्रह त्या कामाचे नव्हतेच. पण कंपनीकडे मोलाची चीज होती, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंदवलेला स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याचा, अग्रहक्क. ब्रिटिश सरकारने ५० कोटी डॉलर घातले, भारतीने तेवढेच.

मग पुढचं नाटक. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या बैकानूरच्या तळावर रशियाचं सोयूझ रॉकेट ३६ उपग्रह घेऊन उभं. युक्रेन युद्ध पेटलेलं. रशियाने अट घातली की उपग्रहांचा लष्करी वापर होणार नाही याची हमी द्या आणि ब्रिटिश सरकारने भागभांडवल सोडावं. ब्रिटनने नकार दिला, रॉकेट तळावरून खाली उतरवलं, आणि ते ३६ उपग्रह तिथेच अडकले.

वाहन नाही, मुदत चालू. मग कुणाकडे जायचं? एक मस्कच्या स्पेसएक्सकडे, म्हणजे साक्षात प्रतिस्पर्ध्याकडे. आणि दुसरं इस्रोकडे. २३ ऑक्टोबर २०२२ ला आपल्या एलव्हीएम-३ ने ३६ उपग्रह नेले, २६ मार्च २०२३ ला आणखी ३६. जगभर सेवा द्यायला लागणारं जाळं त्या दुसऱ्या उड्डाणाने पुरं झालं. तोवर जीएसएलव्ही मार्क-३ म्हणून ओळखलं जाणारं हे रॉकेट व्यावसायिक गिऱ्हाइकासाठी पहिल्यांदा उडालं ते वनवेबसाठी. चार-चार करत ३६ उपग्रह वेगळे होत होते आणि नियंत्रण कक्षात टाळ्या पडत होत्या. मी ते थेट प्रक्षेपण पहाटेपर्यंत जागून पाहिलंय.

टॉवरवाला

@कुजबूज, "मुदत चालू" हा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण वायलरची सगळी हुशारी त्यात आहे. स्पेक्ट्रमची नोंद आधी करणाऱ्याला अग्रहक्क, पण तो फुकट नाही. सात वर्षांच्या आत वापर सुरू करून दाखवावा लागतो. नुसती कागदावर अडवणूक होऊ नये म्हणून दूरसंचार संघाच्या २०१९ च्या परिषदेत आणखी टप्पे घातले: त्यानंतर दोन वर्षांत १० टक्के उपग्रह, पाच वर्षांत ५०, सात वर्षांत सगळे. वायलरने हा हक्क मस्कच्या आधी हेरला. थोडा काळ दोघं एकत्र येण्याचीही बोलणी होती. फिसकटली, आणि जानेवारी २०१५ मध्ये दोघांनी आपापलं वेगळं जाहीर केलं.

अनवट

आणि इथेच फरक पडला असं मला वाटतं. मस्ककडे स्वतःचं रॉकेट होतं. वायलरला प्रत्येक उड्डाणासाठी कुणाच्या तरी दाराशी उभं राहावं लागलं.

मैथिली_स

रॉकेटपेक्षा अँटेना, असं माझं मत. मी फेज्ड ॲरे अँटेनांवर काम करते, म्हणून पक्षपाती समजा हवं तर.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहामागे न हलता वळणारी अँटेना हवी. सपाट पाटी, तिच्यावर शेकडो बारीक अँटेना, प्रत्येकीला कणभर उशिरा किंवा लवकर सिग्नल दिला की झोत हवा तिकडे वळतो. काही हलत नाही, झिजत नाही. पण प्रत्येक घटकामागे चिपची करामत, म्हणून किंमत. वायलरला हे पुरतं कळलं होतं. त्याने स्वतःच्या पैशाने वेगळा प्रकल्प चालवून जानेवारी २०१९ मध्ये १५ डॉलरचा अँटेना-भाग तयार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे अख्खं टर्मिनल २०० ते ३०० डॉलरमध्ये. बाजारात वनवेबची टर्मिनलं आली ती त्या भावाच्या आसपासही नव्हती. स्टारलिंकने उलट केलं: सुरुवातीला तोटा सोसून डिश विकली आणि लाखोंच्या संख्येने बनवून खर्च खाली आणला. घाऊक विकणाऱ्या वनवेबकडे तेवढे ग्राहकच नव्हते, मग संख्या कुठून येणार आणि स्वस्त कसं होणार?

म्हणून @उलटतपासणी, घाऊक विकायचा निर्णयच मला घातक वाटतो.

उलटतपासणी

घाऊक विकल्यामुळे स्थानिक टेलिकॉम कंपन्या सोबत येतात, परवाने सोपे होतात. थेट विकायला गेलात की प्रत्येक देशात भांडण. भारतात स्टारलिंकने २०२१ मध्ये परवान्याआधीच नोंदणीचे पैसे घेतले आणि सरकारने सांगितल्यावर परत केले. परवाना मिळाला जून २०२५ मध्ये. वनवेबला तो त्याच्या कितीतरी आधी होता.

खोडसाळ

परवाना आधी मिळाला आणि इंटरनेट?

उलटतपासणी

@खोडसाळ, स्पेक्ट्रम लिलावाने द्यायचा की प्रशासकीय पद्धतीने यावर घोळ होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहांसाठी लिलाव नाही असं ठरवलं. दराची घासाघीस त्यानंतर. यात वायलरचा काय दोष?

आडवाटे

सगळे इंटरनेटबद्दल बोलताय, आकाशाबद्दल कुणीच नाही. मी हौशी आकाशनिरीक्षक. दीर्घ छायाचित्रण केलं की फोटोत रेघाच रेघा. ५५० किमीवरचा मेलेला उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येऊन जळतो. १,२०० किमीवरचा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. म्हणजे वनवेबचा एखादा बिघडला आणि खाली आणता आला नाही, तर तो आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल.

आणि तुमचा हा वायलर आता ई-स्पेस म्हणून नवी कंपनी घेऊन बसलाय. २०२१ मध्ये रवांडाने तिच्यासाठी नोंदणी केली ती तीन लाखांहून जास्त उपग्रहांची! शेकड्यांनी भागत नव्हतं वाटतं.

प्रा_गोंधळे

तीन लाख?? एक शून्य जास्त तर नाही ना पडलं?

आडवाटे

नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात तेवढे सोडतील असं कुणीच मानत नाही, नोंद करून जागा धरायची. पण बघा, पुन्हा रवांडाच.

टॉवरवाला

@आडवाटे, त्या कंपनीचं म्हणणं आहे की उपग्रह लहान असतील आणि कचरा गोळा करत खाली येतील. पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या रेघांचं दुःख मात्र मान्य.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण अनवट यांनी विचारलेलं बाजूलाच राहिलंय.

२००७ मध्ये प्रश्न होता सिग्नलचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा २०२४ चा अंदाज सांगत होता की जगात तेव्हा सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटविना होते. पण मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नल जगातल्या ९५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोचलेला आहे. म्हणजे या २६० कोटींपैकी बहुतेकांच्या डोक्यावर सिग्नल आहे आणि तरी ते वापरत नाहीत. फोन परवडत नाही, डेटा परवडत नाही, वाचता येत नाही, आपल्या भाषेत कामाचं काही नाही, घरात फोन बाईच्या हातात देत नाहीत. यातलं काय उपग्रहाने सुटणार?

वायलर उपग्रह जुळवत होता त्या काळात जमिनीवर टॉवर आणि किनाऱ्यावर केबली पोचल्या. रवांडाचं त्याचं मूळ दुखणं २००९ च्या केबलने निम्मं कमी केलं. दोष तंत्राचाही नाही आणि माणसाचाही. त्याने ज्या प्रश्नावर औषध शोधलं तो प्रश्नच तोवर आटला.

उलटतपासणी

आटला, संपला नाही. सिग्नलच नसलेले जे चार-पाच टक्के उरतात ते पस्तीस कोटींच्या घरात जातात. डोंगरात, बेटांवर, जंगलात. तिथे केबल कधीच जाणार नाही. तेवढ्यांसाठी काही केलं तर ते कमी का? आणि वादळात, भूकंपात टॉवर पडतात तेव्हा काय करता?

मैथिली_स

युद्धातसुद्धा. २०२५ च्या सुरुवातीला युक्रेनमधल्या स्टारलिंकबद्दल शंका निघाली तेव्हा सगळ्यांना एकदम युटेलसॅट-वनवेब आठवलं, शेअर काही दिवसांत कित्येक पट चढला. त्याच वर्षी फ्रेंच सरकार युटेलसॅटमध्ये सगळ्यात मोठं भागधारक झालं. शाळा जोडायला काढलेलं जाळं आज युरोपच्या संरक्षणाचा मुद्दा आहे. दिवाळखोरीत गेलं तेव्हा कुणी हे म्हटलं असतं तर हसले असते लोक.

अनवट

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा बराच चांगला रंगला. हिशेबनीसांचा मुद्दा पटतोय, पण पूर्ण नाही. सिग्नल असूनही न वापरणाऱ्यांचा प्रश्न वायलरने सोडवायचा नव्हताच, ते सरकारचं आणि समाजाचं काम. राहिले ते पस्तीस कोटी. त्यांच्यातल्या किती जणांच्या टॉवरला मागून वनवेब किंवा ओथ्रीबी जोडलेलं आहे, हे कुठे वाचायला मिळालं तर इथे जरूर टाका.

@चीफ_मेट, एक विचारायचं राहिलं. खालच्या कक्षेतलं आल्यावर ती कोर्स बदलल्यावर नेट जायची भानगड संपली का?

चीफ_मेट

बऱ्यापैकी. उपग्रह सतत सरकत असतात, त्यामुळे एक फनेलमागे गेला तरी दुसरा उघड्यावर असतो. दोन बाजूंना दोन अँटेना बसवल्या असतील तर कळतही नाही. बंदरात मात्र शेजारी उंच कंटेनर जहाज लागलं की अजूनही बोंब. आणि काही देशांच्या हद्दीत शिरलं की परवाना नाही म्हणून सेवा आपोआप बंद होते. मेसरूममधून फोन तेव्हाही येतोच, फक्त आता विचारतात, "सर, हद्द किती वाजता संपते?"

खोडसाळ

तेवढ्यात चार जण जमवून पत्त्यांचा डाव उरकून घ्या.